जुना व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करायचाय? तापकीर गल्लीत द्या

आजोबांचा मर्फी रेडिओ पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीजवळच्या एका छोट्या दुकानात दिला होता. दुकानातल्या काकांनी घाईने वीज जोडली नाही. आधी सुकलेले फिल्टर कपॅसिटर (वीजपुरवठ्यातली गुणगुण गाळणारे भाग) बदलले, व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) तपासले आणि मग आयएफ म्हणजे मधल्या वारंवारतेचे ट्रान्सफॉर्मर ४५५ किलोहर्ट्झला जुळवले. सुपरहेटरोडाइन या प्रकारच्या रेडिओत कुठलंही केंद्र लावा, ते आधी याच वारंवारतेवर आणलं जातं. हे नीट जुळलं की शेजारची केंद्रं एकमेकांत मिसळत नाहीत. स्पीकरचं मूळ कापडही त्यांनी जपलं, याचा मला फार आनंद झाला.

आता रात्री मीडियम वेव्हवर दूरची केंद्रंही लागतात, कारण सूर्यास्तानंतर आयनावरणातला (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागातला) रेडिओलहरी शोषणारा खालचा थर विरतो. वेळ लागतो, पैसेही बरेच पडतात, तरी बिनधास्त द्या. ऐकताना जवळचे एलईडी दिवे बंद ठेवा, खरखर कमी होते.