पिकअपला जुनं इंजिन बसवताना फसलो, ब्लॉकवरचा नंबर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

नारायणगावच्या बाजूला आमचा टोमॅटो असतो, माल वाशीला न्यायला २०११ ची बोलेरो पिकअप आहे, २५२३ सीसीचं साधं डीआय इंजिन. यंदा मे महिन्यात रेडिएटरचा पाइप फुटला, गाडी भाऊ चालवत होता, त्याचं तापमानाच्या काट्याकडे लक्ष गेलं नाही आणि इंजिन तापून जाम झालं. आमच्या मिस्त्रींनी खोलून बघितलं, म्हणाले लायनर-पिस्टन, बेअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम, सगळं मिळून लाखाच्या घरात जाईल आणि पंधरा दिवस तरी लागतील. इकडे तोडा तोंडावर आलेला, पंधरा दिवस भाड्याच्या गाडीने माल पाठवायचा म्हणजे हातात काय राहणार. तेवढ्यात ओळखीतल्या एकाने जुनी इंजिनं विकणाऱ्या डीलरचा नंबर दिला.

डीलर म्हणाला, "दादा, ॲक्सिडेंटच्या गाडीचं आहे, चाळीस हजार पण पळालेलं नाही." ७२ हजार सांगितले, माझं जुनं इंजिन त्याला दिलं तर ८ हजार कमी. बॅटरी लावून चालू करून दाखवलं, एका सेल्फला उचललं, धूर नाही, आवाज एकदम मऊ. ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्याला, हात लावला तर कोमट लागला, तो म्हणाला आत्ताच एका गिऱ्हाइकाला दाखवलं. वरून खालपर्यंत ताजा सिल्व्हर कलर मारलेला होता. मी ६४ हजार रोख दिले, जुनं इंजिन त्याच्या टेम्पोत चढवलं आणि हे घेऊन आलो. बसवायचे मिस्त्रींचे वेगळे.

पहिल्या ट्रिपला ६० क्रेट भरले. जाताना माळशेज उतरायचाच असतो त्यामुळे काही कळलं नाही, येताना मात्र रिकामी गाडी असून सेकंड गिअरला पण चढेना, मागे निळा धूर, आरशात रस्ता दिसेना. घरी येऊन डिपस्टिक काढली तर दोन लिटर ऑइल गायब. सकाळी मिस्त्रींनी थंड गाडीला सेल्फ मारला, सात-आठ वेळा मारल्यावर कशीबशी चालू झाली, मग त्यांनी चालू गाडीत ऑइलचं झाकण काढलं आणि तिथून भकाभका धूर यायला लागला. बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच, पिस्टनच्या रिंगा आणि पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते लायनर झिजून संपलेले, म्हणून गॅस खाली उतरतो. ऑइल दोन बोटांत घेऊन ताणून दाखवलं, मधासारखी तार येत होती. म्हणाले आवाज आणि धूर दबावा म्हणून जाड ऑइल घातलंय, आणि तुम्ही जायच्या आधी चालवून गरम करून ठेवलं होतं.

इथपर्यंत पैशांचंच नुकसान होतं, पुढचं जास्त वाईट आहे. गाडी आठ वर्षांच्या वरची असल्यामुळे दरवर्षी फिटनेस लागतो. इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नवीन इंजिन नंबर चढवून घ्यायचा असतो, हे मला तोपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. कागद करायचे म्हणून मिस्त्रींनी ब्लॉकवरच्या इंजिन नंबरावरचा रंग थिनरने पुसला. खाली ग्राइंडरचे आडवे ओरखडे, त्यावर नवीन आकडे ठोकलेले, एक ३ बाकीच्यांपेक्षा बारीक आणि शेवटचा आकडा तिरका. मूळ नंबर घासलेला. असं इंजिन कुठल्या गाडीतून आलं, चोरीची तर नव्हती ना, काहीच सांगता येत नाही, आणि ते आता माझ्या गाडीत.

डीलरला फोन केला तर म्हणाला, कुठलं इंजिन? बिल काढून बघितलं, त्यावर नुसतं "जुने पार्ट" लिहिलेलं, इंजिन नंबर नाही, माझं जुनं इंजिन घेतल्याचा उल्लेख नाही, रक्कम पण २० हजार. घेताना ते मी वाचलंच नव्हतं. पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आहे, पण कागदावर माझ्या हातात काही नाही ही गोष्ट खरी आहे.

म्हणून हात जोडून सांगतो, कोणी जुनं इंजिन घेणार असाल तर आधी नंबराच्या जागेवरचा रंग पुसायला लावा, नाही म्हणाला तर तिथूनच परत या. ते इंजिन ज्या गाडीचं आहे तिच्या रद्द झालेल्या आरसीची कॉपी मागा, नंबर जुळवा. एनसीआरबीच्या, म्हणजे गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, 'वाहन समन्वय' या ऑनलाइन सेवेवर इंजिन नंबर टाकून गाडी चोरीची आहे का ते बघता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. न सांगता सकाळी लवकर जा आणि ब्लॉक गार असताना स्वतः सेल्फ मारा. मिस्त्री सोबत न्या, त्यांची दिवसाची मजुरी द्या. बिलावर इंजिन नंबर आणि पूर्ण रक्कम लिहून घ्या. आणि जुना ब्लॉक देऊन टाकू नका, आठ हजारासाठी तर अजिबात नाही. तो असता तर आज मी त्यातच लायनर घालून गाडी रस्त्यावर आणली असती, आरसीला हात पण लावावा लागला नसता.

आता गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे आणि माल भाड्याच्या गाडीने जातोय. माझ्या ब्लॉकवर डाव्या माउंटिंगच्या वर बोटभर लांबीचा पितळी टाका आहे, २०१७ ला चीर गेली होती तेव्हा मारलेला. जुनं इंजिन घ्यायला कुठे गेलात आणि तसा टाका दिसला तर घेऊ नका, आधी मला कळवा.