रास्पबेरी पाय की आर्केड आर्काइव्ह्ज?

पॅक-मॅन किंवा स्ट्रीट फायटर 2 एवढंच खेळायचं असेल तर डोकेफोड नको, काहीही घ्या, चालेल. प्रश्न येतो तो 'स्काय स्किपर'सारख्या गेमचा. निन्टेन्डोचा हा 1981 चा गेम आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या गेम पार्लरमध्ये, जेमतेम दिसला, आणि मूळ आर्केड रूपात निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर यायला 2018 उजाडलं, तेही हॅमस्टर कंपनीच्या आर्केड आर्काइव्ह्ज या जुने आर्केड गेम विकणाऱ्या मालिकेतून. असे गेम घरच्या टीव्हीवर आणायचे तर दोन वाटा: रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर रेट्रोपाय हे जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर बसवायचं, नाहीतर कन्सोलवर एकेक गेम विकत घ्यायचा.

पायच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ज्यांचे हक्क कुणी घेतलेलेच नाहीत असेही गेम त्यावर चालतात, आणि कुठलीही यूएसबी जॉयस्टिक चालते. रॉम, म्हणजे गेमच्या फायली, कुठून आणायच्या हा कायद्याचा प्रश्न, तो सध्या बाजूला ठेवू. वैताग येतो तो रॉम सेटचा. आर्केड मशीनची नक्कल करणाऱ्या मेम या सॉफ्टवेअरमध्ये एक गेम म्हणजे एक झिप, आणि त्या झिपमध्ये मूळ बोर्डावरच्या एकेका चिपची फाइल. कुणी एखाद्या बोर्डाची आणखी नेमकी प्रत काढली की पुढच्या आवृत्तीत आतल्या फायली बदलतात, कधी झिपचं नावही. म्हणून मेम 2003 या कोअरला (गेम चालवणाऱ्या भागाला) मेमच्या 0.78 आवृत्तीचाच सेट लागतो आणि फायनलबर्न निओ या दुसऱ्या कोअरला त्याचा स्वतःचा. चुकीची झिप दिली की पडदा काळा होतो आणि क्षणात परत मेनू. कारण हवं असेल तर रनकमांडचा, म्हणजे रेट्रोपायमध्ये गेम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टचा, लॉग उघडायचा. कुठली फाइल सापडली नाही ते तिथे दिसतं. स्प्लिट सेटमधला (फक्त वेगळ्या फायली असलेला) क्लोन, म्हणजे त्याच गेमची दुसरी आवृत्ती, असेल तर मूळ गेमची झिपही शेजारी हवी, निओजिओ मशीनचा गेम असेल तर बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची, झिप वेगळी. प्रसिद्ध गेमचं काम बहुधा आधीच उरकलेलं असतं. दुर्लक्षित गेमकडे लोक उशिरा वळतात, त्यामुळे जुन्या कोअरमध्ये नेमका आपल्याला हवा तोच गेम नसतो, किंवा असला तरी मुका. ज्याच्यासाठी पाय घेतला त्याच्याच पायी संध्याकाळ जाते.

नागपूरकरांसाठी आणखी दोन गोष्टी. पाय 4 ची चिप 80 अंशांना पोचली की वेग कमी करते. मे महिन्यात खोलीच तापलेली असताना बंद डब्यात, पंख्याशिवाय, ती तिथवर सहज जाते. डबा कूलरच्या झोतात ठेवू नका, ओल बोर्डावर बसते. आणि एसडी कार्डावर लिहिणं चालू असताना लाइन गेली तर ते बिघडू शकतं. मोबाइलचा चार्जर लावला आणि पडद्यावर विजेचं चिन्ह दिसू लागलं, तर व्होल्टेज कमी पडतंय असं समजा, 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचाच घ्या.

कन्सोलवर यातलं काही नाही. गेम घेतला, उघडला, चालला. अडचण पैशांची आणि खात्याची. ई-शॉप या निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानात, अमेरिकन खात्यावर, एकेक गेम 7.99 डॉलरला आहे, दहा घेतले की हिशेब टोचतो. भारतासाठी वेगळं ई-शॉप नाही, तेव्हा खात्याचा देश आधी ठरवा, कारण गिफ्ट कार्ड त्याच देशाचं लागतं. बर्डीच्या बाजारात किंवा ऑनलाइन कार्ड घेताना ते कुठल्या देशाचं आहे हे आधी विचारा. टायटो माइलस्टोन्ससारखा दहा गेमचा संच स्वस्त पडतो, पण दहातले दोनच हवे असतील तर नाही.

माझा कल स्विचकडे आहे, आणि त्याला उभ्या पडद्याचंही कारण आहे. जुने कितीतरी गेम उभ्या पडद्याचे. 6.2 इंची स्विच आडवा धरला तर चित्र जेमतेम 3.8 इंच भरतं. जॉय-कॉन (बाजूचे कंट्रोलर) काढून, सेटिंगमध्ये चित्र फिरवून तोच उभा ठेवला की 5 इंच. टीव्ही काही असा फिरवता येत नाही. मात्र मूळ मालिकेत रिवाइंड नाही. ते हवं असेल तर 2025 मध्ये सुरू झालेली आर्केड आर्काइव्ह्ज 2 बघा. त्यासाठी स्विच 2, पीएस 5 किंवा एक्सबॉक्स सिरीज लागतो.

स्टिक कुठेही लावा, खाली चार दिशांचं गेट (स्टिकची हालचाल बांधणारी चकती) बसवता येईल अशीच घ्या. चक्रव्यूहाच्या गेममध्ये आठ दिशांची स्टिक वळणावर तिरकी लागते आणि गडी भिंतीलाच अडतो.