लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड कोणाच्या हाती द्यावा? लिनक्सवर व्हिडिओ, नेटिव्ह की व्हेंडर

भाचीसाठी घेतलेल्या सेकंडहँड लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. सगळं नीट चाललं, फक्त पडद्याचा उजेड कमी होईना. उजेडाचं बटण दाबलं की कोपऱ्यातली पट्टी अगदी व्यवस्थित खाली यायची, टक्के शंभरावरून दहावर जायचे, पण पडदा होता तसाच लख्ख. रात्री दिवा मालवून वाचणाऱ्या मुलीच्या डोळ्यांवर तो झोत बघवत नव्हता.

अशा वेळी सल्ला ठरलेला असतो: कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, 'एसीपीआय बॅकलाइट' (acpi_backlight=) हा पर्याय द्या. पण त्यापुढे काय लिहायचं, यावर एकमत नसतं. कुणी व्हिडिओ म्हणतं, कुणी नेटिव्ह, कुणी व्हेंडर. निवड करण्याआधी हे तीन शब्द नेमकं काय सांगतात ते बघू.

एलसीडी पडद्यामागे एलईडी असतात. बहुतेक लॅपटॉपमध्ये ते सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद करून उजेड कमी-जास्त केला जातो. बंद असण्याचा वेळ वाढवला की पडदा मंद वाटतो. ही उघडझाप कधी ग्राफिक्स चिप करते, कधी मदरबोर्डवरचा छोटा कंट्रोलर. ऑपरेटिंग सिस्टिमने तिथपर्यंत कोणत्या वाटेने पोचायचं, एवढंच या तीन शब्दांनी ठरतं.

व्हिडिओ म्हणजे बायोसची, अर्थात मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरची वाट. बायोस आणि ऑपरेटिंग सिस्टिमने एकमेकांशी कसं बोलायचं हे ठरवणाऱ्या एसीपीआय या मानकात बायोसने काही ठरावीक पद्धती द्यायच्या असतात: उजेडाच्या पायऱ्या कोणत्या, अमुक पायरी लाव, सध्या कितवी आहे. पायऱ्या मोजक्याच असतात, दहा-पंधरा किंवा फार तर शंभर. पडदा कोणता आहे हे बायोस बनवणाऱ्याला ठाऊक असल्यामुळे सगळ्यात खालच्या पायरीवरही सहसा अक्षरं दिसत राहतात, हा या वाटेचा मोठा गुण.

अडचण 2012 मध्ये विंडोज 8 आल्यावर सुरू झाली. तिथे उजेडाचं काम थेट ग्राफिक्स ड्रायव्हरकडे गेलं आणि बायोसमधली जुनी वाट अनेक लॅपटॉपवर नावापुरती उरली. तुम्ही पायरी सांगता, बायोस 'झालं' म्हणतो, आकडाही लक्षात ठेवतो, पण पडद्यावर काही घडत नाही. पट्टी हलते आणि उजेड हलत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

नेटिव्ह म्हणजे बायोसला न विचारता ग्राफिक्स ड्रायव्हरनेच काम करणं. इंटेलवर 'इंटेल बॅकलाइट' आणि एएमडीवर 'एएमडीजीपीयू बीएल' अशा नावांनी ते दिसतं. पायऱ्या शेकडो-हजारो असल्यामुळे उजेड झटक्याने न बदलता सलग उतरतो. ओलेड पडद्यामागे दिवा नसतोच, पण तिथेही ड्रायव्हर डिस्प्लेच्या तारेतून पडद्याला उजेडाचा आकडा कळवतो आणि तुम्हाला ते नेटिव्ह म्हणूनच दिसतं. एक धोका मात्र आहे: इथे शून्याचा अर्थ काही लॅपटॉपवर पूर्ण अंधार असा होतो. म्हणून हाताने आकडा लिहून बघताना खालून सुरुवात करू नका, निम्म्यापासून करा.

व्हेंडरबद्दल थोडक्यात. थिंकपॅड, सोनी, तोशिबा अशा कंपन्यांच्या जुन्या यंत्रांसाठी लिहिलेले खास ड्रायव्हर म्हणजे व्हेंडर. एसीपीआयची वाटही नाही आणि नेटिव्हही नाही, अशा यंत्रांपुरता त्याचा उपयोग. दोन ग्राफिक्स चिप असलेले काही एनव्हिडियाचे लॅपटॉप आणि ॲपलची मॅकबुक यांच्यासाठी वेगळे ड्रायव्हर आहेत आणि कर्नल ते आपणहून ओळखतो. तिथे व्हेंडर लिहून उलट घोळ होतो.

मग कर्नल स्वतः कसं ठरवतो? आधी तुम्ही पर्याय दिला आहे का ते बघतो. मग हे मॉडेल अपवादांच्या यादीत आहे का, मग वर सांगितलेली खास यंत्रं. त्यानंतर प्रश्न बायोसचा. बायोस विंडोज 8 किंवा पुढच्या आवृत्त्या ओळखत असेल आणि नेटिव्ह उपलब्ध असेल तर नेटिव्ह. बायोस त्याआधीचा असेल आणि एसीपीआयची वाट सापडली तर व्हिडिओ. अंदाज चांगला आहे, पण तो बायोसच्या वयावर बेतलेला आहे. भाचीचा लॅपटॉप नेमका इथे अडकला: बायोस विंडोज 7 च्या काळातला, म्हणून कर्नलने व्हिडिओ धरलं आणि या यंत्रात तीच वाट बिघडलेली होती.

हे मला कळलं ते 'सिस' मधल्या 'क्लास' खालच्या 'बॅकलाइट' फोल्डरमध्ये. कर्नल 5.15 होता आणि आत दोन नावं होती. 'एसीपीआय व्हिडिओ' मध्ये कमाल उजेड 10, प्रकार फर्मवेअर, म्हणजे बायोसची वाट. 'इंटेल बॅकलाइट' मध्ये कमाल 4882, प्रकार रॉ, म्हणजे नेटिव्ह. रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, होऊन पहिल्याच्या 'ब्राइटनेस' फाइलमध्ये 5 लिहिलं, काही नाही. दुसऱ्यात 2400 लिहिलं आणि खोलीच मंद झाली. दोन्ही दिसत असतील तर डेस्कटॉपने फर्मवेअरला आधी मान द्यावा, असा संकेत आहे. म्हणून बटणं बिघडलेल्या वाटेवरच जात होती.

कर्नल 6.1 डिसेंबर 2022 मध्ये आला. त्यात कर्नलवर काम करणारे हान्स दे खुडे यांनी ही सगळी व्यवस्था नव्याने लावली आणि एका पडद्याला एकच नाव दिसेल असं केलं. चांगलं झालं, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. नव्या कर्नलवर फक्त व्हिडिओ दिसत असेल आणि ते चालत नसेल, तर नेटिव्ह नाहीच असं समजू नका. ते लपलेलं असतं आणि पर्याय दिल्याशिवाय तपासता येत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आधी काही न लिहिता चालवून बघा. उजेड हलत नसेल तर नेटिव्ह द्या, लॅपटॉप कितीही जुना असो. त्याने काम झालं नाही तरच व्हिडिओ, आणि व्हेंडर अगदी शेवटी. पर्याय एका वेळी एकच द्या. लॅपटॉप चालू होताना लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो जोडा आणि एफ10 दाबा. तो त्या एका वेळेपुरताच लागू होतो, त्यामुळे चुकलं तरी पुढच्या वेळी सगळं पूर्ववत. पटलं की मग ग्रबच्या फाइलमध्ये कायमचा लिहा.

दोन सल्ले मात्र टाळा. एक, बायोसला जुनी विंडोज असल्याचं भासवणारा 'एसीपीआय ओएसआय' पर्याय. उजेड जागेवर येईलही, पण 'विंडोज कोणती?' याच्या त्याच उत्तरावर बायोस टचपॅड, झोपमोड असं बरंच काही ठरवत असतो. दुसरा, 'एक्सरँडर' या पडद्याची मांडणी बदलणाऱ्या कमांडने उजेड कमी करणं. त्याने चित्रावर काळपट थर येतो, मागचा दिवा तसाच जळत राहतो आणि बॅटरी काही वाचत नाही.

नेटिव्हने तुमचं काम झालं तर मॉडेलचं नाव, बायोसची आवृत्ती आणि कोणता पर्याय लागला हे तुमच्या डिस्ट्रोच्या, म्हणजे तुम्ही वापरता त्या लिनक्सच्या, बग नोंदवहीत जरूर लिहा. कर्नलच्या अपवादांच्या यादीतल्या ओळी अशाच नोंदींतून येतात. तुमचं मॉडेल एकदा त्या यादीत गेलं की तोच लॅपटॉप घेणाऱ्या पुढच्या माणसाला ग्रब उघडावाच लागत नाही.