खोका नवा, आतला रणगाडा जुना

६,८०० रुपये देऊन घेतलेल्या, सुटे भाग जोडून प्लास्टिकचा छोटा रणगाडा बनवायच्या किटमध्ये आपण फसलो आहोत हे मला कळले, तेव्हा त्या फसवणुकीचा सर्वांत ठळक पुरावा मी स्वतःच्याच हाताने पुट्टी भरून आणि पॉलिश पेपरने घासून नाहीसा केलेला होता. झालेला प्रकार सविस्तर लिहितो आहे, कारण जुने किट विकत घेणारे आपल्याकडे बरेच जण आहेत आणि त्यांतले काही जण माझ्याइतकेच भाबडे असण्याची शक्यता आहे.

गेली पंधरा वर्षे मी १:७२ प्रमाणातली, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी, विमाने बनवतो; रणगाड्याच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. नगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन जातीचा रणगाडा जवळून पाहिला आणि ते बदलले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या ‘फामागुस्ता’ नावाच्या रणगाड्यात लढता लढता धारातीर्थी पडले, तो सेंच्युरियनच होता, आणि तो आज नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. खेत्रपालांचा जन्म पुण्याचा, रेजिमेंटच्या नावात पुणे, मीही पुण्याचा. तेव्हा पहिला रणगाडा करायचा तर हाच, असे मनाने घेतले. परदेशातून नवे किट मागवायचे तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून रक्कम फारच वर जात होती, म्हणून देशातच कोणाकडे पडून असलेले किट शोधू लागलो.

विक्रेता सापडला तो ओळखीच्या ओळखीतून. फोनवर अत्यंत अदबीने बोलणारा तरुण होता. “काका, मामांचं कलेक्शन आहे, ते गेल्यावर मामी सगळं काढून टाकतायत. एकही पार्ट हललेला नाही, वरचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही,” असे त्याने सांगितले. त्याने पाठवलेल्या पाचही छायाचित्रांत फक्त खोका होता. आतले दाखवा म्हटल्यावर, आवरण फाडले तर किंमत उतरेल, हे त्याचे उत्तर मला त्या वेळी पटले. आता वाटते, की खोक्यावरचे ताणलेले पारदर्शक आवरण म्हणजे काही कंपनीची मोहोर नव्हे. तसले प्लास्टिक बाजारात मीटरवर मिळते, आणि केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा दिली तरी ते आक्रसून घट्ट बसते. पैसे मी यूपीआयने एकरकमी पाठवले. पार्सल आठव्या दिवशी आले, आणि मी ते दिवाळीच्या सुट्टीत उघडायचे म्हणून तीन आठवडे कपाटात ठेवले. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक त्याहून मोठी. खोका उघडल्यावर भागांच्या चौकटी, म्हणजे ज्यांना आपण स्प्रू म्हणतो त्या, मोजून न पाहता मी साबणाच्या पाण्यात धुतल्या आणि सरळ कामाला लागलो. सूचनापत्रक छायाप्रत होते, पण मामांनी मूळ प्रत जपून ठेवली असेल अशी माझी मीच समजूत घातली. डेकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची चिन्हे-आकडे, पिवळे पडले होते. जुने डेकल खिडकीत उन्हाला लावले की बरेचसे पांढरे होतात, म्हणून त्याचीही चिंता केली नाही. रणगाड्याच्या चाकांवरून फिरणारे रबरासारखे मऊ पट्टे चाकांच्या चौकटीवर ठेवून पॅक केलेले होते आणि जिथे ते टेकले होते तिथे प्लास्टिक वितळून खळगे पडले होते. या पट्ट्यांच्या व्हिनाइलमधले मऊ करणारे द्रव्य बाहेर झिरपते आणि किटच्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरिनला, खाते, पण त्याला वर्षे लागतात. खोक्यावरचे किट काही वर्षांपूर्वीच बाजारात आलेले, नव्या साच्याचे होते. एवढ्यावरूनच शंका यायला हवी होती, ती आली नाही.

रणगाड्याच्या तळाला तर चक्क भोके होती: काही गोल, एक लांबट खाच. खऱ्या रणगाड्यालाही खालून पाणी काढायची किंवा तपासणीची झाकणे असतात, तसलेच काही असेल असे मला वाटले. पण पत्रकात त्यांचा उल्लेख नव्हता, म्हणून प्लास्टिकचे पातळ तुकडे कापून मी ती आतून बंद केली, वरून पुट्टी भरली आणि दोन संध्याकाळी खर्चून पृष्ठभाग असा गुळगुळीत केला की बोट फिरवून सांधा लागू नये. कामाचा मला अभिमानही वाटला होता.

आमच्याकडचे एक ज्येष्ठ मॉडेलकार पुढच्या आठवड्यात घरी आले. त्यांनी हल, म्हणजे रणगाड्याचे धड, हातात घेऊन सर्वांत आधी उलटा केला, मग आत डोकावून माझी ठिगळे पाहिली आणि शांतपणे विचारले, “यात मोटर कुठे बसवणार होतात?”

मग त्यांनी जे सांगितले ते विमाने करणाऱ्या माणसाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचे मोटरवर चालणारे किट काढले, तेव्हा आत बॅटऱ्या मावाव्यात अशा बेताने त्याचा आकार ठरवला, आणि तो मोजला तर साधारण १:३५ भरला. आज जगभर रूढ झालेले हे प्रमाण असे बॅटरीच्या पोटी जन्मलेले आहे. त्या काळच्या आणि पुढेही कित्येक वर्षांच्या किटांच्या तळाला मोटर, गिअरपेटी आणि बटण यांच्यासाठी भोके असत. त्या साच्यांच्या नकलाही पुष्कळ निघाल्या. माझ्या हातात होती ती तसल्याच एका जुन्या सेंच्युरियनची नक्कल. खोका आणि पत्रकाची छायाप्रत तेवढी नव्या किटची. पत्रकाच्या पहिल्या पानावर सगळ्या स्प्रूंचा नकाशा असतो आणि प्रत्येक स्प्रूच्या टोकाला इंग्रजी अक्षराची चकती असते. ती जुळवून पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. आम्ही दोघांनी जुळवून पाहिले, तेव्हा एकही अक्षर जुळले नाही आणि नकाशात दाखवलेला कोरीव पितळी पत्रा खोक्यात नव्हताच.

विक्रेत्याला फोन केला. अदब तीच होती, पण उत्तर तयार होते: “काका, तुम्ही तर जोडून मोकळे झालात. माझ्याकडचंच आहे हे कशावरून? भोकं कुठे दिसतायत?” मॉडेलचा गोंद हा खरे तर गोंद नसतोच, तो द्रावक असतो आणि दोन भाग वितळवून एकजीव करतो, त्यामुळे जोडलेले उकलून दाखवण्याची सोय नव्हती. उघडतानाचे चित्रीकरण माझ्याकडे नव्हते. मला उत्तर सुचले नाही.

दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. झाले ते वाईट झाले, मामी पैसे परत करा म्हणताहेत, एक क्यूआर कोड पाठवतो तो स्कॅन करा, रक्कम खात्यात जमा होईल. मी स्कॅन केला, पडद्यावर ६,८०० हा आकडा पाहिला आणि पिन टाकला. पैसे जमा होण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो केवळ आपल्या खात्यातून पैसे देताना लागतो, हे मला माहीत नव्हते असे नाही. तरीही हरवलेला आकडा समोर दिसताच बोट चालले. तेवढीच रक्कम दुसऱ्यांदा गेली.

या वेळी मात्र मी वाट पाहिली नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच कळवले, बँकेला लेखी कळवले आणि पोलीस ठाण्यात अर्ज दिला. तेथील हवालदारांनी अर्ज दोनदा वाचून, रणगाडा म्हणजे नेमका किती मोठा, असे गंभीरपणे विचारले. मी हाताने वीतभर अंतर दाखवल्यावर त्यांनी मान हलवून ‘प्लास्टिकच्या रणगाड्याचे सुटे भाग’ असे लिहून घेतले. दुसऱ्या व्यवहारातले ४,१०० रुपये समोरच्या खात्यात गोठवले गेले आहेत, असे बँकेने कळवले आहे. पहिल्या व्यवहाराबाबत अद्याप काही झालेले नाही.

आवरणाचे फाटलेले प्लास्टिक, पार्सलवरची चिठ्ठी, छायाप्रत आणि अर्धवट जोडलेला हल जपून ठेवा, असे हवालदारांनी सांगितले आहे. त्याप्रमाणे सगळे त्याच खोक्यात ठेवले आहे. तळावरची पुट्टी मात्र मी टोकदार सुरीने पुन्हा खरवडून काढतो आहे. चारांपैकी दोन भोके उघडी झाली आहेत.