मेलमन ३ : कुलवृत्तांताच्या ग्रुपसाठी बसवला, त्याचा अनुभव

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम करणारे आम्ही ३५ जण, बरेचसे पुण्या-रत्नागिरीत, चारपाच अमेरिकेत, आणि ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त माहिती ते काका-आत्या सत्तरीच्या पुढचे, त्यांना व्हॉट्सअॅपवर पानभर टाइप करणं नको वाटतं पण ईमेल मात्र छान सविस्तर लिहितात. जन्मतारखा, पत्ते, जमिनीचे कागद असला सगळा मजकूर, म्हणून आपल्याच सर्व्हरवर प्रायव्हेट मेलिंग लिस्ट करायची ठरलं, म्हणजे एका पत्त्यावर मेल टाकला की तो सगळ्या सभासदांना जातो. मेलमन ३ हे अशी लिस्ट चालवायचं सॉफ्टवेअर.

डेबियन लिनक्सवर मेलमन३-फुल पॅकेज टाकलं की मेल वाटणारा कोअर, सेटिंगसाठी पोस्टोरियस आणि जुने मेल दाखवणारा हायपरकिटी एकदम येतात. पण खरा वेळ पोस्टफिक्स (सर्व्हरवर मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम) आणि डीएनएस (डोमेनच्या नोंदी) यांच्यात जातो. पोस्टफिक्सच्या ट्रान्सपोर्ट मॅप्समध्ये, म्हणजे कुठला मेल कुणाकडे सोपवायचा त्या यादीत, मेलमनची फाइल द्यायची मी विसरलो आणि प्रत्येक मेल ‘युजर अननोन’ म्हणून परत, अख्खी संध्याकाळ त्यात गेली. मग एसपीएफ (या डोमेनचा मेल कुठले सर्व्हर पाठवू शकतात त्याची नोंद), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), रिव्हर्स डीएनएस (आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद). आणि सर्व्हर घ्यायच्या आधीच विचारून घ्या की बाहेर जाणारा पोर्ट २५, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरना मेल पाठवायची वाट, उघडा मिळेल का, बरेच व्हीपीएसवाले (भाड्याने सर्व्हर देणारे) तो बंद ठेवतात.

डिफॉल्ट सेटिंग तशीच ठेवू नका हे कळकळीने सांगतो. मेसेज साइजची मर्यादा फक्त ४० केबी असते, त्यामुळे मोडी कागदांचे स्कॅन सगळे मॉडरेशनमध्ये (अॅडमिनच्या मंजुरीसाठी) अडकले आणि आत्या रोज फोन करून विचारायची, अरे माझं पत्र पोचलं का. तिथे शून्य टाकलं की मर्यादा जाते, मग पोस्टफिक्सची स्वतःची साधारण १० एमबीची तेवढी राहते. दहा किंवा जास्त जणांना सीसी केलेला मेलही असाच अडकतो.

डीमार्कचं, म्हणजे मेलची तपासणी फसली तर त्याचं काय करायचं हे सांगणाऱ्या डोमेनच्या पॉलिसीचं, तर आधीच बघा. लिस्ट विषयात कंस घालते, खाली फुटर जोडते, त्यामुळे मूळ डीकेआयएम सही मोडते, आणि पाठवणाऱ्याच्या डोमेनची पॉलिसी रिजेक्ट असेल तर मेल समोरून नाकारला जातो. २०१४ मध्ये याहूने ही पॉलिसी लावली तेव्हा जगभरच्या लिस्ट अशाच कोलमडल्या होत्या. ‘फ्रॉम’च्या जागी लिस्टचा पत्ता घालायचा पर्याय निवडला आणि आमचा त्रास थांबला.

नावडलेली गोष्ट एकच, प्रायव्हेट आर्काइव्ह (जुन्या मेलचा साठा) बघायला वेगळं अकाउंट काढावं लागतं, लिस्टवर नाव असून भागत नाही. वयस्कर मंडळींना फोनवर एकेक करून बसवून दिलं. आवडलं ते हे की स्वागताचा मेल स्वतःच्या शब्दांत लिहिता येतो, तो मी मराठीत लिहिला, कुणाला काय पाठवायचं, स्कॅनला नाव कसं द्यायचं सगळं त्यात घातलं.

तुम्हाला आर्काइव्ह नको असेल आणि कमांड लाइनची सवय असेल तर एमएलएमएमजे हे दुसरं लिस्ट सॉफ्टवेअर बघा, ते खूप हलकं आहे. आम्हाला जुनी पत्रं शोधता येणं हवंच होतं, त्यामुळे मेलमनच ठेवला. परवा काकांनी आजोबांच्या भावाचा पत्ता लागला म्हणून लिहिलं, तो मेल सगळ्या ३५ जणांना पोचला, आणि अमेरिकेतल्या पुतणीने त्यालाच उत्तर म्हणून तिच्याकडचा फोटो जोडला.