कोकणच्या पावसात सेनहायझर ४१६

संगमेश्वर तालुक्यातली एक वाडी, जुलैचा दुसरा आठवडा, सकाळचे सात. चिखलात वाकून बाराएक बाया भाताची लावणी करत होत्या. त्यांतल्या सगळ्यांत वयस्कर आजी गाणं सांगत होत्या, बाकीच्या मागून उचलत होत्या. माहितीपटाचं काम होतं. मी बांधावर उभी, कानाला हेडफोन, गळ्यात रेकॉर्डरची बॅग. तिसऱ्या कडव्याला कानात तडतड सुरू झाली, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. केबल हलवून पाहिली, मग बदलली, मग चॅनलही बदलला. तडतड तशीच. दोष माइकमध्ये होता. पुण्यातल्या घराघरांत वर्षभर बिनतक्रार चाललेला माझा शॉटगन, म्हणजे समोरचंच जास्त ऐकणारा लांबट माइक, एका रात्रीच्या दमट हवेने बसला होता. आजींना पुन्हा म्हणायची विनंती केली, तर त्या म्हणाल्या, हात चालले तरच गाणं येतं, बसून नाही यायचं. आणि ते खाचर तर लावून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या कॅमेरामनच्या ओळखीतून रत्नागिरीहून एक जुना एमकेएच ४१६ आला, सेनहायझर कंपनीचा शॉटगन. काळा रंग जागोजागी उडालेला. त्याच बांधावर, त्याच हवेत तो दिवसभर शांत चालला. पुढची दोन वर्षं पैसे साठवून मी माझा घेतला. त्याला आता पाच पावसाळे झाले.

हा माइक दमट हवेत का टिकतो, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण खरेदीचा निर्णय त्यावरच ठरतो. साध्या कंडेन्सर माइकमध्ये पातळ पडदा आणि त्यामागची पट्टी यांच्यात विद्युतभार धरून ठेवलेला असतो. तो गळू नये म्हणून आतलं सर्किट प्रचंड रोधाचं असतं. पडद्याजवळ ओलावा जमला की भाराला गळायला वाट मिळते आणि ती गळती आपल्याला तडतड किंवा फसफस म्हणून ऐकू येते. ४१६ मध्ये भार धरून ठेवायचा प्रकारच नाही. तिथे पडदा हा उच्च वारंवारतेच्या, म्हणजे काही मेगाहर्ट्झच्या सर्किटचा भाग असतो. आवाजाने पडदा हलला की त्या सर्किटमध्ये फरक पडतो आणि त्यातून ध्वनी काढून घेतला जातो. सर्किटचा रोध कमी, म्हणून ओलाव्याची वाट तयार झाली तरी फारसं बिघडत नाही. सेनहायझरची सगळी एमकेएच मालिका याच तत्त्वावर चालते. रोड कंपनीचा एनटीजी ३ सुद्धा याच जातीचा आहे, आणि ४१६ चे पैसे जमत नसतील तर मी त्याचंच नाव सांगते.

आवाजाबद्दल. माणसाचं बोलणं ४१६ मध्ये पुढे येतं. व्यंजनं स्वच्छ कापल्यासारखी येतात. ‘ट’ आणि ‘त’, ‘श’ आणि ‘ष’ यांत गोंधळ होत नाही. मराठी संवादाला हे फार उपयोगी, विशेषतः वाक्याचा शेवट गिळणाऱ्या नटांसाठी. माइकची स्वतःची खरखर १३ डेसिबल, म्हणजे रानातल्या शांत रात्रीही अडचण येत नाही, आणि १३० डेसिबलपर्यंतचा आवाज तो फाटू न देता घेतो. गावच्या जत्रेत मी ढोलपथकाच्या पुढ्यात उभी राहून याची खात्री केली आहे.

आता त्याची मर्यादा, जी नव्या लोकांना कुणी नीट सांगत नाही. माइकची लांबी २५ सेंटिमीटर. पुढच्या नळीच्या खाचांतून बाजूचा आवाज वेगवेगळ्या वेळी आत शिरतो आणि एकमेकांना मारतो, म्हणून माइक समोरचंच जास्त ऐकतो. पण २५ सेंटिमीटरची तरंगलांबी म्हणजे साधारण १४०० हर्ट्झ. त्याच्या खालच्या, लांब तरंगांच्या आवाजावर एवढ्याशा नळीचा फारसा इलाज चालत नाही. रातकिड्यांची किरकिर तुम्ही बूमचा, म्हणजे माइक लावलेल्या लांब काठीचा, कोन बदलून बरीच कमी करू शकता. जनरेटरची घरघर, विहिरीवरचा पंप, ऊसाचा ट्रॅक्टर यांच्याकडे पाठ केली तरी ते आत येतातच. वाईच्या बाजूला हिवाळ्यात शूटिंग केलेल्या कुणालाही विचारा. कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्याने गाणी लावून ट्रॅक्टर जातात. तिथे ४१६ काय किंवा दुसरा कुठला माइक काय, रस्त्यावर माणूस उभा करायचा आणि ट्रॅक्टर लांबून येताना दिसला की ‘रोल’ (रेकॉर्डिंग सुरू) म्हणायचं नाही, हाच उपाय. माइकवर लो कटचं, म्हणजे खालचे घरघरते आवाज कापायचं, बटण नाही, ते रेकॉर्डरवर लावावं लागतं. मी बायकांच्या आवाजाला १०० आणि पुरुषांच्या आवाजाला ८० हर्ट्झवर ठेवते.

दुसरी मर्यादा घरातली. कोकणातलं जुनं कौलारू घर, बिनगिलाव्याच्या चिऱ्याच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, यात ४१६ छान वागतो, कारण आवाज परततच कमी. तोच माइक कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, टाइल्सची फरशी आणि कोरी छत यांच्यामध्ये धरला की संवाद डब्यातून आल्यासारखा होतो. भिंतींवरून फिरून आलेले आवाज नळीच्या बाजूने शिरतात आणि त्यांचा रंग बिघडतो. अशा खोलीत बिननळीचा सुपरकार्डिऑइड, म्हणजे नळीशिवायच समोरचं जास्त ऐकणारा आखूड माइक हवा. एमकेएच ५० त्यासाठीच आहे. तो आणणं शक्य नसेल तर फ्रेमबाहेर गोधड्या पसरा, जमिनीवर सतरंजी टाका. स्पॉटदादांना आधी सांगून ठेवलं तर गोधड्या गाडीतच असतात. माझ्या गाडीत सहा आहेत.

पैसे थोडे असतील तर ते कुठे घालावेत? बहुतेकांचा हात आधी रेकॉर्डरकडे जातो. मीही झूम एफ ६ वापरते आणि त्याच्या ३२-बिट फ्लोटने, म्हणजे अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज दोन्ही न फाटता साठवणाऱ्या रेकॉर्डिंगने, मला कितीतरी वेळा वाचवलं आहे: कुजबुजता कुजबुजता नट एकदम ओरडला तरी टेक जात नाही. पण फ्लोट तडतड काढू शकत नाही आणि लांबून घेतलेला आवाज जवळ आणू शकत नाही. तोंडापासून १ मीटरवरचा माइक २ मीटरवर गेला की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. आजूबाजूचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून माझा क्रम असा: माइक, त्याचं वाऱ्याचं घर, हलका बूम पोल, मग रेकॉर्डर. रेकॉर्डर भाड्याने मिळतो, माइकही मिळतो, पण स्वतःच्या हातातला माइक कुठल्या कोनात काय ऐकतो, हे कळायला एक मोसम जातो.

वाऱ्यासाठी मी रायकोट कंपनीचं झेपलिन, म्हणजे माइकभोवतीचं लांबट जाळीचं घर, आणि वरून लांब केसांची फर वापरते. फर भिजली की केस चिकटतात आणि वारा अडत नाही, शिवाय बूमच्या टोकाला वजन वाढतं. तीन मीटर पुढे धरलेलं शंभर ग्रॅमसुद्धा खांद्याला कळतं. म्हणून फर दोन हव्यातच. एक झेपलिनवर, एक गाडीत हीटरसमोर.

पावसाचं वेगळं. थेंब झेपलिनवर पडला की ताशावर टिपरू पडल्यासारखा आवाज येतो. परदेशात यासाठी जाड, विरळ केसांची खास आच्छादनं मिळतात. मी अकोल्याची, उन्हाळा कूलरसमोर काढलेला. कूलरच्या बाजूच्या जाळीत भरायचं गवत असतं ना, त्याची एक तट्टी आणली, कापली आणि झेपलिनच्या वर चार बोटं अंतर ठेवून तारेने बांधली. थेंब गवतात फुटतो, झिरपतो आणि आवाज न करता बाजूने गळतो. मध्यम सरींत हे उत्तम चालतं. मुसळधार पावसात मात्र पडवीतच थांबायचं, कारण तेव्हा पाऊस सगळीकडेच वाजत असतो.

दमट हवा सोसतो म्हणून ४१६ ला भिजवायचं नाही. सगळ्यांत मोठा धोका हॉटेलच्या एसीचा. थंडगार झालेला माइक सकाळी बाहेर काढला की चष्म्यावर वाफ धरावी तसं पाणी आतल्या पडद्यावर धरतं. माझी पेटी रात्री एसीच्या खोलीत जातच नाही. माइक पुसून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात राहतो. पुड्यांतल्या दाण्यांचा रंग बदलला की मंद आचेवर कढईत परतून पुन्हा वापरते. ती कढई स्वयंपाकाला घ्यायची नाही.

शेवटी खरेदी. ४१६ च्या नकला बाजारात आहेत आणि बाहेरून ओळखू येत नाहीत. मला मुंबईतल्या एका दुकानात जवळजवळ निम्म्या किमतीत ‘पेटीबंद’ माइक दाखवला होता. खोका, फोम, कागद सगळं जागेवर. मी रेकॉर्डर बरोबर नेला होता, शिवाय एका मित्राचा खरा ४१६. दोन्ही एकाच रेकॉर्डरला, एकाच गेनवर (आवाज वाढवायच्या बटणाच्या एकाच खुणेवर) लावले आणि एकाच अंतरावरून बोलले. नकली माइकचा आवाज स्पष्टपणे खाली होता. मग दुकानदाराला पंखा बंद करायला सांगून दोन मिनिटं शांतता रेकॉर्ड केली आणि खरखर ऐकली. ती सहज दुप्पट होती. जुना माइक घेत असाल तरी हीच चाचणी करा आणि एक भर घाला: माइक बूमवर लावून हळूच हलवा, केबल जोडतो तिथे बोटाने दाबा. तिथे कचकच आली तर कितीही स्वस्त असला तरी परत द्या.