वापर वेगळे ठेवायचे की मिसळू द्यायचे? झोनिंगच्या पद्धती शेजारी शेजारी ठेवून

नवा विकास आराखडा जाहीर झाला, हरकती-सूचनांची मुदत सुरू झाली, की बहुतेक लोक नकाशात एकच गोष्ट शोधतात: आपला प्लॉट कोणत्या रंगात आलाय. साहजिक आहे. पण तुम्ही समितीवर असाल किंवा मत नोंदवणार असाल, तर रंगाआधी झोनिंगची नियमावली उघडा, म्हणजे कोणत्या भागात जमिनीचा काय वापर आणि कसं बांधकाम चालेल ते ठरवणारे नियम. निवासी भागाला पिवळा रंग बहुतेक नकाशांत असतो. त्या पिवळ्यात कोपऱ्यावरचं दुकान चालेल का, एका घराच्या जागी सहा बिऱ्हाडांची इमारत चालेल का, याची उत्तरं मात्र पद्धतीगणिक बदलतात.

मुळात हे नियम कशासाठी? अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने 1920च्या दशकात राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार केला. त्यात दिलेले हेतू आजही जगभरच्या आराखड्यांत थोड्याफार फरकाने सापडतात: रस्त्यावरची गर्दी कमी करणं, आगीपासून संरक्षण, पुरेसा उजेड आणि हवा, जमिनीवर फार दाटी होऊ न देणं, पाणी, सांडपाणी, शाळा, बागा यांची सोय. यावर कोणी भांडणार नाही. भांडण असतं ते न लिहिलेल्या हेतूंवरून. भाव टिकवायचे, आणि ‘तसले’ लोक शेजारी नकोत. अमेरिकेतल्या बाल्टिमोरने 1910मध्ये कोणत्या वंशाने कुठे राहावं याचाच वटहुकूम काढला होता. लुइव्हिल शहराचा तसाच नियम सर्वोच्च न्यायालयाने 1917मध्ये रद्द केला. त्यानंतर वंशाचं नाव कागदावरून गेलं. प्लॉटचं किमान क्षेत्रफळ मात्र राहिलं. मोठा प्लॉट घेणं ज्याला परवडत नाही तो आपोआप बाहेर.

म्हणून पद्धत निवडताना मी एकच प्रश्न लावतो: ही पद्धत उपद्रव रोखते की माणसं?

वापर वेगळे: युक्लिडची वाट

ओहायोतल्या क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड गावाने 1922मध्ये जमिनीचे वापरानुसार सहा वर्ग पाडले. 68 एकरांची मालक असलेली अँबलर रिअल्टी कंपनी कोर्टात गेली: आमच्या जमिनीचा भाव पडला. 1926मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला, आणि वापरांची फारकत करणारं झोनिंग अमेरिकाभर पसरलं.

या पद्धतीचं बलस्थान म्हणजे खात्री. निवासी भागात घर घेतलं तर उद्या शेजारी भट्टी पेटणार नाही. अधिकाऱ्याचं कामही सोपं: तक्ता बघायचा, हो किंवा नाही म्हणायचं. धूर ओकणारे कारखाने हीच खरी अडचण असलेल्या काळात हे शहाणपणाचंच होतं.

पण त्याच निकालपत्रात अपार्टमेंटची इमारत म्हणजे घरांच्या वस्तीतल्या मोकळ्या हवेवर जगणारं बांडगूळ, अशा अर्थाचं विधान आहे. धूर सोडून बोट भाडेकरूंकडे वळलं ते इथे. (गंमत म्हणजे युक्लिडच्या मूळ नियमांत औद्योगिक वर्गातही घर बांधता येत होतं. कडक सोवळं नंतरच्या पिढ्यांनी पाळलं.) परिणाम सगळ्यांना दिसतो. दूध आणायलाही गाडी काढावी लागते, प्रत्येक इमारतीला ठरावीक पार्किंगची सक्ती येते आणि शहर आडवं पसरत जातं. मग पाइपलाइन आणि रस्ते त्याच्यामागे ओढत न्यावे लागतात. म्हणजे गर्दी कमी करायच्या नियमानेच गाड्यांची गर्दी वाढवली.

उपद्रवाची कमाल मर्यादा: जपानची वाट

जपानमध्ये विभागांचे प्रकार देशपातळीवर ठरलेले आहेत. आधी 12 होते, 2018पासून 13. स्थानिक संस्था फक्त नकाशावर कुठे कोणता प्रकार आणि त्यातला कोणता चटई निर्देशांक (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते) हे ठरवते. त्यामुळे एखाद्या वॉर्डाला स्वतःपुरता खास नियम रचून बाकीच्यांना दार बंद करणं अवघड जातं. माझ्या मते या पद्धतीचा हा सर्वात कमी बोलला गेलेला गुण.

दुसरा फरक विचाराच्या दिशेतला. ‘इथे अमुकच चालेल’ असं न म्हणता ‘इथे इतका त्रास चालेल, त्यापुढे नाही’ असं हे नियम म्हणतात. सर्वात शांत निवासी विभागात उंची 10 किंवा 12 मीटरपर्यंत. तरीही तिथे शाळा, दवाखाना, प्रार्थनास्थळ चालतं, आणि राहत्या घरात 50 चौरस मीटरपर्यंतचं छोटं दुकानही, घराच्या निम्म्याहून कमी जागेत असेल तर. एक घर की अनेक बिऱ्हाडं, याला उंचीच्या आणि निर्देशांकाच्या मर्यादेत आडकाठी नाही. फक्त निव्वळ औद्योगिक विभागात राहायला मनाई, कारण तिथे खरंच धोका असतो.

उणी बाजू: गल्लीचं रूप एकसारखं राहील याची हमी नाही. आज शेजारी बंगली, उद्या तिथे तीन मजली इमारत. ज्याला बदल सोसत नाही त्याला हे खुपणार.

बाकीच्या वाटा, थोडक्यात

ब्रिटनने 1947च्या कायद्याने जमीन विकसित करण्याचा हक्कच सरकारकडे घेतला. आराखडा दिशा दाखवतो, पण परवानगी प्रत्येक प्रकरणात विचार करून मिळते. अपवादात्मक जागेसाठी, जुन्या वारशाच्या वास्तूशेजारी, ही लवचीकता मोलाची. पण अर्ज करणाऱ्याला शेवटपर्यंत खात्री नसते आणि छोट्या माणसाला ते थांबणं परवडत नाही. तज्ज्ञ कर्मचारी कमी असतील तर हा मार्ग घेऊ नका.

अमेरिकेतल्या मायामीने 2010मध्ये वापराऐवजी रूपावर भर देणारी नियमावली लागू केली. इमारत रस्त्याला कशी भिडते, उंची किती, सामासिक अंतर (प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) किती, हे आधी. आत काय चालतं ते नंतर. जुना बाजार किंवा मुख्य रस्ता जपायचा असेल तर उत्तम. साऱ्या शहराला लावायचं तर आधी प्रत्येक भागाचं बारकाईने चित्र काढावं लागतं, आणि बैठकांत खिडकीच्या आकारावर तास जातात.

‘नियमच नकोत’ म्हणणारे अमेरिकेतल्या ह्यूस्टनचं नाव घेतात. तिथे मतदारांनी 1948, 1962 आणि 1993 अशा तीन वेळा झोनिंग नाकारलं, हे खरं. पण अनेक वसाहतींत खरेदीखतातल्या खाजगी अटी तेच काम करतात, आणि त्या मोडल्या तर पालिकाही कोर्टात जाऊ शकते. तिथून उचलण्याजोगी गोष्ट वेगळी: 1998मध्ये शहराच्या आतल्या भागात प्लॉटचं किमान क्षेत्रफळ 5,000 चौरस फुटांवरून 1,400पर्यंत उतरवता येऊ लागलं, आणि एका घराच्या जागी तीन-तीन घरं उभी राहिली.

मग निवड?

शेजारी रसायनांचा कारखाना हीच तुमची अडचण असेल, तर फारकत हवीच, तेवढ्यापुरती. घरं महाग आणि दुकानं लांब ही अडचण असेल, तर जपानच्या धर्तीचा तक्ता मागा. जुन्या पेठेसाठी रूपाधारित नियमांचा वेगळा थर चढवता येतो. एकाच पद्धतीशी लग्न लावायची गरज नाही.

मसुदा हातात आला की एक चाचणी करून पाहा. गावातल्या तुम्हाला आवडणाऱ्या पाच इमारती किंवा गल्ल्या निवडा आणि नव्या नियमांत त्या आज बांधता येतील का ते तपासा. न्यूयॉर्क टाइम्सने 2016मध्ये मॅनहॅटनचा असाच हिशेब छापला होता: उभ्या असलेल्या इमारतींपैकी सुमारे 40 टक्के त्या वेळच्या नियमांत बसत नव्हत्या. तुमच्या पाचांपैकी तीन नापास झाल्या, तर हरकतीच्या अर्जात त्यांची नावं आणि आड येणारी कलमं लिहा. त्यात प्लॉटचं किमान क्षेत्रफळ आणि पार्किंगची सक्ती ही दोन कलमं सर्वात आधी तपासा.